सासूबाईंना निओलॉजिझम झाला

सासूबाईंचा गाडी चालवायचा परवाना वाढवून आणणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं बायको म्हणाली तेव्हाच जावईबापूंनी सावध व्हायला हवं होतं. बायकोची अर्ध्या दिवसाची कामं त्यांनी याआधीही केली होती. एकदा नळाची चकती बदलायला घेतली आणि अख्ख्या मजल्याला बादलीने अंघोळ करावी लागली. पण हे काम सासूबाईंचं होतं, आणि सासूच्या कामाला नाही म्हणायची सोय कुठल्याही जावयाच्या घडणीत ठेवलेली नसते.

सासूबाई त्याच इमारतीत दोन मजले वर एकट्या राहत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. स्कूल बंद झालं तरी त्यांची स्वतःची छोटी, एकेकाळी निळी असलेली गाडी काही थांबली नव्हती. गुडघे दुखणाऱ्या तीन मैत्रिणींना त्या तिच्यातून व्यायामाला नेत, आणि कंटाळा आला की उगाच गावाबाहेर एक चक्कर मारून येत. "गाडी गेली की मी पार्सल झाले," त्या म्हणत. "कुणीतरी न्यायचं, कुणीतरी उतरवायचं." शिवाय सोसायटीचा नियम असा होता की परवाना संपला तर गाडीची जागा रांगेतल्या पुढच्या सभासदाला मिळायची. रांगेतले पुढचे सभासद होते तळमजल्यावरचे निवृत्त लेखापरीक्षक. सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणायची, आणि ते स्वतःलाही तेच समजत.

परवाना कार्यालयाने सांगितलं, या वयात डॉक्टरचा दाखला लागतो. एवढंच ना, म्हणून जावईबापू सासूबाईंना घेऊन घराजवळच्या डॉक्टरकडे गेले. डोळे झाले, कान झाले, रक्तदाब झाला. सगळं जावईबापूंपेक्षा बरं निघालं. डॉक्टरने पेन उचललं आणि जाता जाता, केवळ गप्पा म्हणून, विचारलं, "मग, गाडी चालवताना त्रास नाही ना काही?"

"मला कसला त्रास?" सासूबाई म्हणाल्या. "मागचिकटे आणि अर्धमने सोडले तर रस्ता चांगलाच असतो. पिवळधाव मी जन्मात केली नाही. हां, गाडी लावताना उगीचउभे फार येतात हल्ली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कोण येतात?"

"उगीचउभे. तुमच्या गेटवर पण एक आहे."

डॉक्टरने जावईबापूंना दाराबाहेर बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "निओलॉजिझम. स्वतःच बनवलेले शब्द. मेंदूच्या काही आजारांत असं लक्षण दिसतं. बहुधा काही नसेल, पण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तोपर्यंत दाखला देता येणार नाही मला."

इथे जावईबापूंच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते सरकारच्या शब्दविभागात अधिकारी होते. इंग्रजी शब्द आला की त्याला प्रतिशब्द घडवायचा, समितीपुढे ठेवायचा, समितीने त्याला आणखी एक उपसर्ग चढवायचा आणि मग तो छापायचा, हे त्या विभागाचं काम. निओलॉजिझम हा शब्द ते रोज ऐकत. त्यांच्या दृष्टीने तो आजार नव्हता, हुद्दा होता. त्यामुळे ते मोकळेपणाने म्हणून गेले, "त्यात काय एवढं? मीही रोज करतो. मला तर पगार मिळतो त्याचा."

डॉक्टर जरासा मागे सरकला. त्याने जावईबापूंच्याही डोळ्यांत एकदा बॅटरी मारून पाहिली.

सासूबाईंचे शब्द ही घरात कधी बातमीच नव्हती. एखादा शब्द हवा असला आणि सापडला नाही, की त्या तो करून घेत आणि पुढे चालू लागत. सिग्नलचा दिवा पिवळा झाला की जीव खाऊन गाडी काढायची ती पिवळधाव. मागून गाडीच्या डिकीत शिरल्यासारखा येणारा तो मागचिकट्या. वळायचा दिवा लावून सरळ जाणारा तो अर्धमन्या. कुणी बोलावलेलं नसताना गाडी लावायच्या वेळी येऊन दोन्ही हात हलवणारा तो उगीचउभा. 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकलेलं आणि तिथेच म्हातारं झालेलं काम ते नंतरडं. जावईबापूंची बायको याच शब्दांवर वाढली होती आणि संसारात तिने नवऱ्याची कितीतरी नंतरडी निस्तरली होती.

जावईबापूंना मात्र त्या शब्दांचा आतून थोडा सल होता. त्यांनी स्वतः घडवलेला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'यानस्थिरीकरण', पार्किंगसाठी. परवाना कार्यालयाच्या मैदानावर त्याची पाटीही लागली होती. एकदा ते मुद्दाम तिथे जाऊन पाटी बघत उभे होते, तर पाटीलाच टेकलेल्या एका माणसाने विचारलं, "साहेब, इथे पार्किंग कुठाय हो?" जावईबापूंनी हाताने दाखवलं आणि घरी आले. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितलेली नाही.

डॉक्टरकडची बातमी जिन्याने त्यांच्या आधी घरी पोचली. सल्लागार दारातच उभे होते. "काही घाबरायचं नाही," ते म्हणाले. त्यांनी असं म्हटलं की इमारत घाबरायची. "पहिली गोष्ट, डॉक्टर बदला. दुसरी गोष्ट, वहिनींना फक्त हो आणि नाही एवढंच बोलायला सांगा. तिसरी गोष्ट, गाडी काढूनच टाका ना आता. जागा मी सांभाळतो. आणि हे बघा, याचं नंतरडं करू नका. आजच काय तो निर्णय घ्या."

जावईबापू मान हलवून वर आले. सल्लागार काय बोलून गेले ते सल्लागारांच्याही लक्षात आलं नाही आणि जावईबापूंच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाच्या ग्रंथालयात जाऊन जाडे कोश खाली काढले. शब्दांच्या खात्यातल्या माणसाला शब्दानेच तोंडघशी पाडावं, हे त्यांना फार लागलं होतं. बघतात तर निओलॉजिझमची कुंडली मोठी मजेशीर निघाली. ग्रीकमधला 'नवा' आणि ग्रीकमधलाच 'शब्द' असे दोन तुकडे जोडून फ्रेंचांनी तो अठराव्या शतकात केला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. सुरुवातीला त्याला कौतुकाचा वास नव्हता. भाषेत नवे शब्द घुसवून घाण करणाऱ्यांना शुद्ध भाषेचे राखणदार तो फेकून मारत. आणि गंमत अशी की नव्या शब्दांविरुद्ध ओरडायला त्यांनी जो शब्द हाती घेतला, तो त्या काळी स्वतःच नवा कोरा होता! जावईबापू एकटेच मोठ्याने हसले. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा त्यांनी ते हसू खोकल्यात घातलं.

पुढे त्याच शब्दाला आणखी अर्थ चिकटले. धर्मग्रंथांचा नवा अर्थ लावणाऱ्यांवरही त्याच कुळातल्या शब्दाने ताशेरे ओढले गेले. मग डॉक्टर लोकांनी तो उचलला. एकच शब्द, पण कुणासाठी शिवी, कुणासाठी पाखंड, कुणासाठी लक्षण, आणि शब्दविभागात मासिक वेतन. जावईबापूंना त्या शब्दाबद्दल एकदम आदर वाटू लागला. इतकं सोसूनही तो टिकून होता.

डॉक्टरांच्या अर्थापाशी मात्र ते थबकले. रुग्णाने बनवलेला शब्द, ज्याचा अर्थ फक्त त्याचा त्यालाच कळतो, असं तिथे लिहिलं होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे 'यानस्थिरीकरण' आलं. त्याच्या मागून 'गतिपरिवर्तिका' आली, म्हणजे गिअर. नोकरीत घडवलेले सगळे शब्द एकेक करून येऊन उभे राहिले, आणि त्यातल्या एकाचाही अर्थ त्यांच्याशिवाय कुणाला कळत असल्याची खात्री त्यांना देता येईना. या व्याख्येने पाहिलं तर तपासणी नक्की कुणाची व्हायला हवी होती? त्यांनी कोश मिटून जागेवर ठेवला आणि चहा प्यायला गेले.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली ती आठवड्याने. तोवर बायकोने आईची तयारी करून घ्यायचं ठरवलं. "आई, तिथे आपले शब्द अजिबात बोलायचे नाहीत. इतर लोक बोलतात तसं बोलायचं."

"मागचिकट्याला इतर लोक काय म्हणतात?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने थोडा विचार करून सांगितलं, "मागून अतिनिकट येणारे वाहन."

"ते म्हणेपर्यंत तो ठोकेल की हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. पण परवान्याचा प्रश्न होता. त्यांनी शब्द दिला आणि शब्द बंद केले.

घराला हे इतकं जड जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सासूबाई वाक्य सुरू करत, मध्ये अडखळत, कोपऱ्यातून दुसरं काही सापडतंय का ते शोधत आणि शेवटी "जाऊ दे" म्हणून चहाचा कप उचलत. रोज खाली आल्या की रस्त्यावरच्या गमतींनी जेवणाचं टेबल हलवून सोडणारी बाई आता "होती गर्दी" एवढंच म्हणायची. जावईबापूंनाही चुकल्यासारखं होऊ लागलं. एकदा बाल्कनीतलं मोडकं स्टूल पाहून बायको म्हणाली, "हे तुमचं न..." आणि थांबली. दोघंही त्या स्टुलाकडे बघत राहिले. त्याला दुसरं नाव नव्हतं.

आणि मग व्हायचं ते झालं. गाडी उलटी आत घेताना सासूबाईंनी सल्लागारांच्या खिडकीखालची मोठी कुंडी पाडली. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा गेला नव्हता. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मागे हात हलवत कोण उभं आहे ते दिसलं मला," त्या म्हणाल्या. "एरवी मनात नाव येतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. आज मनातसुद्धा म्हणायचं नाही म्हणून थांबले, आणि पाय पण थांबला. वेडी झालेय का हो मी जावईबापू?"

या बाईला जावईबापूंनी कधी असा प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. "छे हो आई," ते म्हणाले, पण आवाज म्हणावा तसा निघाला नाही.

सल्लागारांनी कुंडीबद्दल काही मनात ठेवलं नाही, सरळ परवाना कार्यालयाला कळवलं. "त्यांच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. कार्यालयाने सांगितलं, आता दाखलाही आणा आणि गाडी चालवण्याची परीक्षाही द्या. परीक्षेची तारीख आली ती नेमकी डॉक्टरीणबाईंच्या वेळेच्या दुसऱ्या दिवशीची. जावईबापूंनी खिडकीवर विचारलं, दाखला नसताना परीक्षा देता येते का? खिडकी म्हणाली, परीक्षेचा आणि दाखल्याचा संबंध नाही. मग दोन्ही का लागतात? खिडकी म्हणाली, नियमात दोन्ही आहेत. अशा उत्तरांपुढे जावईबापू नेहमी नमत, कारण त्यांच्या विभागातही अशीच उत्तरं दिली जात.

डॉक्टरीणबाई शांत आणि समंजस होत्या. त्यांनी गाडी चालवतानाचे अनुभव विचारले. सासूबाई पढवल्याप्रमाणे बोलू लागल्या, "कधी कधी मागून... हे... अति... अतिनिकट... येणारं ते..." आणि मदतीसाठी जावयाकडे पाहू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "शब्द आठवायला वेळ लागतोय. हेही बघायला हवं."

स्वतःचे शब्द बोलावेत तर लक्षण, न बोलावेत तर दुसरं लक्षण! जावईबापू उभे राहिले. आयुष्यात समितीसमोरसुद्धा ते न विचारता उभे राहिले नव्हते. त्यांनी ग्रीकपासून सुरुवात केली. फ्रेंचांपर्यंत आले तेव्हा बाहेरची परिचारिका दार उघडून बघून गेली. राखणदारांची फजिती सांगताना त्यांचा आवाज चढला, आणि शेवटी ते म्हणाले, "मॅडम, यांना शब्द आठवत नाहीत असं नाही. आठवतायत ते आम्ही बोलू देत नाही. आणि ज्याचा अर्थ एकट्यालाच कळतो त्याला तुम्ही लक्षण म्हणता ना? यांचे शब्द ऐकताक्षणी कळतात. माझे बघा, मी सांगितल्यावरही कळत नाहीत!"

हे शेवटचं वाक्य आपण का बोललो ते त्यांना कळलं नाही. सासूबाई मात्र त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सासूबाईंच्या आणखी बऱ्याच चाचण्या केल्या आणि म्हणाल्या, "बाकी सगळं उत्तम आहे. शब्दांचा तेवढा प्रश्न राहतो. बाहेरच्या कुणी, यांना न ओळखणाऱ्या माणसाने, हे शब्द वापरलेले दाखवा. घरचं नको, शेजारचंही नको. मी लगेच दाखला लिहिते."

अनोळखी माणूस, आणि त्याच्या तोंडी सासूबाईंचा शब्द. तो कुठून पैदा करायचा?

परीक्षेच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी जावईबापू 'यानस्थिरीकरण'च्या पाटीखाली उभे राहिले. सासूबाईंनी स्टिअरिंगला हात लावला. शेजारी परीक्षक बसला. तिशीतला, कंटाळलेला, नुकताच बदलून आलेला. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे त्याचा आवाज मैदानभर ऐकू येत होता.

"आजी, सावकाश घ्या. पुढे सिग्नल आहे. पिवळधाव करायची नाही हं, नापास करतो मी त्याला."

गाडी जागच्या जागी थांबली. सासूबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, थेट जावयाकडे. जावईबापूंचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं.

"पिवळधाव. माहीत नाही?" परीक्षकाने समजावून सांगितलं. "दिवा पिवळा झाला की लोक गाडी दामटतात ना, ती. आणि मागचिकट्या आला तर आरशात बघून त्याला पुढे जाऊ द्यायचं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "लक्षात ठेवीन हो."

मग त्यांनी जी गाडी चालवली ती बघायला मैदानावरचे इतर उमेदवारही थांबले. वळणं कशी घ्यावीत, चढावर कसं थांबावं, सगळं बाईंच्या हातून तेल लावल्यासारखं निघालं. शेवटी दोन खांबांच्या मध्ये गाडी उलटी लावायची होती. तिथे जावईबापूंना राहवेना. ते धावत कोपऱ्यात गेले आणि दोन्ही हातांनी "या, या, अजून, बास" करू लागले. सासूबाईंनी त्यांच्याकडे न बघता गाडी लावली.

"पास," परीक्षक उतरत म्हणाला.

जावईबापूंनी त्याला गाठलं. "तुम्हाला हे शब्द कुणी शिकवले?"

"शिकवायचे काय त्यात? सगळे म्हणतात. इथे परीक्षेला येणाऱ्या बायका पहिल्यापासून म्हणायच्या म्हणे, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. माझ्या आधीच्या गावातही होते की हे शब्द. शब्द कोण करतं का? ते असतातच."

त्या बायका कुठून शिकून आल्या होत्या, हे मैदानात फक्त दोघांना माहीत होतं. त्यांतल्या एकीने काही सांगितलं नाही. ती आरसा पुसत होती. जावईबापूंना वाटलं, समितीचा शिक्का, पाटी, छापील कागद हे सगळं एका बाजूला, आणि स्वतःच केलेला शब्द परक्याने स्वतःलाच शिकवावा हे एका बाजूला. याच्या वर कुठला मान नाही. त्यांचा सल कुठल्या कुठे गेला आणि त्यांना त्या गाडीपुढे वाकून नमस्कार करावासा वाटला. पण लोक होते, म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि परीक्षकाच्या हातात दिला.

"हो मॅडम," परीक्षक म्हणाला. "मागचिकट्या, हो. अर्धमन्या, हो. उगीचउभा? अहो, गाडी लावताना बोलावल्याशिवाय येऊन हात हलवतो तो. त्याचा उपयोग काही नसतो. आत्ताच होता की इथे एक. ज्यांनी हा फोन लावून दिला ना, तेच."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाखला घेऊन जायला सांगा. आजी ठणठणीत आहेत. त्या हात हलवणाऱ्यांना मात्र एकदा घेऊन या माझ्याकडे."

घरी येताना सासूबाई सुटल्या होत्या. आठवडाभर कोंडलेले सगळे शब्द त्यांनी दोन चौकांत वापरून टाकले. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिथल्या पाटीवरचा शब्द तुमचा ना?"

"हो," जावईबापू खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"चांगला आहे. मधला तुकडा तर फार गोड आहे. पुढचं-मागचं सामान तेवढं उतरवायला हवं."

जावईबापूंना वाटलं, सासूबाई जावयाचं मन राखतायत. ते विसरूनही गेले. परवाना आला, जागा राहिली, सल्लागारांनी नवी कुंडी आणली आणि ती खिडकीच्या आत ठेवली.

पावती-बिवतीची धावपळ संपून बरेच दिवस झाल्यावर जावईबापू एका संध्याकाळी मेव्हण्याची गाडी घेऊन आले आणि दिसेल त्या रिकाम्या जागेत लावू लागले. वॉचमन शिट्टी वाजवत आला.

"साहेब, तिथे नको. ती काकूंची थिरी आहे."

जावईबापूंचा पाय ब्रेकवरच राहिला. "काय आहे?"

"थिरी. आणि त्या बाजूची सल्लागारसाहेबांना हवी आहे, त्यावरून सोसायटीत भांडण चाललंय. 'माझी थिरी कधी देणार' म्हणून रोज ओरडतात ते. कोपऱ्यातल्या वाणीबाईंनी तर बोर्डच लावलाय, दुकानासमोर थिरी करू नये."

यान-स्थिरी-करण. पुढचं सामान उतरलं होतं, मागचंही उतरलं होतं. जावईबापूंनी गाडी बंद केली. त्यांना ते पुन्हा एकदा, सावकाश, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"थिरी म्हणजे काय रे?"

वॉचमनने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढं माहीत नाही साहेब?" तो म्हणाला. "आणि तुम्ही म्हणे शब्दांच्याच खात्यात आहात!"